मागं कोणीतरी उभं राहा

३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची गोरेगावात! धाकट्या भावानं, पुष्करनं, मोटारसायकलवरून आणून सोडलं. मांडीवर कॅमेऱ्याची बॅग, पाठीला कपड्यांची, मध्ये मी, असा हिंगोलीपासून इथपर्यंतचा डोलारा. रस्त्यानं शेताशेतात हळद शिजवणं चालू आहे. धुरानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं तर हा शहाणा विचारतो, नोकरीवर सोडून राहिलो म्हणून रडून राहिली का? मी म्हटलं, बाळा, धुराचं पाणी वेगळं आणि रडणं वेगळं. माझं न रडणं आमच्या आळीत प्रसिद्ध आहे. आई गेली त्या दिवशीसुद्धा आलेल्या बायकांच्या चहाचं मीच बघत होते. बायकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

पण त्यामुळेच हे काम मला जमतं. लग्नातले भावनिक क्षण टिपायचे. बाप मुलीचा हात सोडतो तो क्षण, करवली कोपऱ्यात जाऊन नाक पुसते तो क्षण. संभाजीनगरात मोठ्या टीमबरोबर दोन सीझन काढले आणि एक गोष्ट पक्की कळली. फोटोवालीचे डोळे कोरडे पाहिजेत, नाहीतर फोकस गेलाच म्हणून समजा.

मालक रणजीतभाऊ एकदम गमतीदार माणूस. त्यांनी बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला माझी ओळख करून दिली ती अशी, या आमच्या अनुश्री मॅडम, स्टेजवरचे फोटो माझ्याकडं, रडारड यांच्याकडं. संध्याकाळपर्यंत मी अख्ख्या गोरेगावची रडारडवाली मॅडम झाले होते. खाली स्टुडिओ, वर माझी खोली. जिना बाहेरून, लोखंडी. कोणी पहिल्या पायरीवर पाय ठेवला की खोलीची भिंत हादरते. चोर आलाच तर आधी वर्दी देऊन येईल.

निघताना पुष्कर म्हणाला, धुळवडीला मीच येतो न्यायला, तुझा मुराळी. मी म्हटलं, मुराळी सासुरवाशिणीला लागतो, मला जीप आहे, एसटी आहे, माझी मी येईन. तर म्हणाला, न्हाई, आई असती तर तिनं मलाच पाठवलं असतं. आता आम्ही दोघंच आहोत घरात. हा पोरगा असं मध्येच काहीतरी बोलतो.

९ फेब्रुवारी

पहिलं लग्न पार पडलं. साडेबाराचा मुहूर्त दोनला लागला, म्हणजे वेळेवरच म्हणायचं. मंगलाष्टकं चालू झाली तशी मी मांडवातून सटकले आणि मागच्या अंगणात गेले. सगळे फोटोवाले अंतरपाटाकडं तोंड करून उभे असतात, पण खरी गोष्ट मागं घडत असते. मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नसतं, ती तुळशीला पाणी घालत बसते. तांब्या रिकामा झाला तरी या माउलीचा हात वाकडाच होता. काय फोटो आला! रणजीतभाऊंनी बघून टोपीच काढली.

इथल्या पाठवणीत मात्र एक नवीनच प्रकार बघितला. पोरीनं उंबऱ्याबाहेर पाय टाकायच्या आधी घरातलं मोठं माणूस खड्या आवाजात विचारतं, पाठराखीण कोण? मग जी बाई पोरीच्या सोबतीला सासरी जाणार असते तिनं स्वतःचं नाव घेऊन सांगायचं, मी अमकी, पोरीसंगं जाते. लगेच दुसरं कोणीतरी सांगतं, हिला माघारी आणायला मुराळी अमका येईल. तेही नावानिशी. शाळेत हजेरी घेतात तसं. पाठराखीण आमच्याकडंही जाते, पण तिची हजेरी कोणी घेत नाही. रणजीतभाऊंना विचारलं तर म्हणाले, या चार-दोन गावांतली जुनी रीत आहे, कशाची ते मलाबी ठाव न्हाई, पण त्या टायमाला मधीमधी करू नका, म्हातारी माणसं लई चिडतात.

१६ फेब्रुवारी

आज सृष्टीच्या घरी जाऊन आले. वीस तारखेला तिचं लग्न आहे, इथल्याच सटवाजींची ही धाकटी. नवरा हरीश, पुसेगावचा. पोरगी म्हणजे हसण्याचं मशीन आहे. मी कामाचं विचारते तर ही हसते, आई रागावली तर हसते, चहात माशी पडली तरी हसते. मला म्हणाली, ताई, तुमी रडायचे फोटो काढता म्हणं, माझा एकबी मिळायचा न्हाई, लावा पैज. मी म्हटलं, लावली. भल्याभल्या गडगडल्या आहेत गाडीपाशी.

तिची आत्या सखुबाई पाठराखीण जाणार आहे. गुडघे धरलेत बिचारीचे, पण जीभ तलवारीसारखी. मला आपादमस्तक बघून म्हणाली, लोकांची रडणी गोळा करतीस, सांभाळून ठेवतीस कुठं? मला फार आवडली ती.

२० फेब्रुवारी

हात दुखतायत, पाय सुजलेत, पण आज लिहिल्याशिवाय झोप नाही. आज मला मिळाला तो फोटो!

आधी संताप सांगते. पाठवणीच्या वेळी ऊन उतरलं होतं, उजेड असा की वाया घालवणं पाप. हजेरी झाली, आत्यानं नाव सांगितलं, मुराळ्याचं नाव झालं, सृष्टी उंबऱ्याबाहेर आली. आणि पन्नास हात मोबाईल धरून मध्ये घुसले. एका मामांची तर पाठच माझ्या लेन्सला चिकटली. डीजे कानात ठोकतोय, कोणी ऐकेना. सृष्टी गाडीत बसली, चाकाखालचा नारळ फुटला, आणि माझ्याकडं काय, तर मामांची कॉलर.

मी सरळ गाडीपुढं जाऊन उभी राहिले. डीजेवाल्याला हातानंच गप्प केलं. म्हटलं, परत घेऊ. सृष्टी, उतर खाली, दारापासून परत चालत ये. सटवाजी घुटमळले. पण मी शहरातून आलेली मॅडम, शेवटी म्हणाले, मॅडम म्हणून राहिल्या तर असंल काही. सखुआत्या गाडीतून हात बाहेर काढून न्हाई न्हाई करत होती, दार उघडायला बघत होती, पण तिच्या बाजूला पाहुण्यांची गाडी खेटून लागली होती. मला वाटलं, हिला उशीर होतोय.

मी सगळ्यांना हाकललं. सृष्टी एकटी दारातून निघाली. पोटभर हसत. म्हणे, ताई, दोनदा कोण रडतं? आणि ती एकटी चालत येताना फ्रेम अगदीच ओकीबोकी दिसायला लागली. मी ओरडले, मागं कोणीतरी उभं राहा! पोरगी एकटी दिसतीये. कोणीतरी या. कोणीबी या!

एक बाई माझ्या पाठीमागून पुढं गेली. तिचा पदर माझ्या दंडाला घासला, ओला होता. मला फक्त पाठ दिसली, काळपट लुगडं, वाकलेली मान. ती सृष्टीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि सृष्टीचं हसू होतं तिथंच मोडलं. ती रडली, अगं बाई, काय रडली! पोटातून, आवाज न करता, तोंड उघडं टाकून. मी बटणावरचं बोट उचललं नाही. पैज जिंकले.

गाडी गेल्यावर त्या बाईला हात जोडावे म्हणून शोधलं, पण गर्दीत कुठं दिसली नाही.

२२ फेब्रुवारी

दिवसभर तेच फोटो बघतेय. पहिल्या फोटोत बाई एक पाऊल मागं आहे. पुढच्यात हात पाठीवर. शेवटच्यात तिनं गाल सृष्टीच्या खांद्यावर टेकलाय. तोंड पदराआड आहे. मनगटात बांगडी नाही. आजकाल असा पदर कोण घेतं? रणजीतभाऊ बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, हा दुकानात मोठा करून लावू. मी इन्स्टाग्रामवर टाकला आणि तासाभरात फोन गरम झाला. लोक विचारतायत, आजी कोण आहेत, बघून रडू आलं.

फोन करून पुष्करला सांगितलं. तो मोंढ्यात अडत दुकानावर हिशोब लिहितो, सध्या हळदीच्या पोत्यांत बुडालाय. म्हणाला, फोटो भारी आहे, पण मला तो बघून बरं न्हाई वाटलं. भित्री भागूबाई!

२५ फेब्रुवारी

सटवाजी अल्बमचे फोटो निवडायला आले होते. मी विचारलं, या आजी कोण? म्हणाले, नवरदेवाकडच्या असतील. हरीशला फोन लावला, तर तो म्हणाला, नवरीकडच्या असतील. आम्ही हसलो. रणजीतभाऊ म्हणाले, दोन्हीकडून जेवून गेली म्हणायची.

सटवाजी नंतर हसायचे थांबले. सृष्टी मांडव परतायला माहेरी येऊन गेली, आत्याला मुराळी जाऊन घेऊन आला, सगळं रीतीनं झालं. पण पोरीच्या डोळ्याचं पाणी काही थांबेना, म्हणाले. नवं घर आहे, थांबेल, मी म्हटलं. घरोघरी तेच.

२८ फेब्रुवारी

आज हरीश आला. एकटाच.

सांगत होता, ती रडत न्हाई, पाणी येतं. बोलताना, हसताना, जेवताना, धार चालूच. हिंगोलीला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलं, त्यांनी थेंब दिले, म्हणाले डोळे चांगले आहेत. उशी पिळावी लागते. तांब्यावर तांबे पाणी पिते तरी ओठ फुटलेत, गालावर कातडं सोललंय. आठ दिवसांत पोरगी अर्धी झाली. घरातल्यांना वाटतं, लग्न तिच्या मनाविरुद्ध झालं. त्याची आई म्हणते, रोज रडणारी सून घरात ठेवायची कशी, नेऊन घाला बापाकडं. बोलता बोलता त्याचाच आवाज चिरकला.

मला वाईट वाटलं, पण रागही आला. म्हटलं, मी फोटोवाली आहे, वैद्य नाही, माझ्याकडं काहून आलात? तर खाली बघत म्हणाला, तिनंच पाठवलं. जेवायला बसली की ती शेजारी दुसरं ताट वाढते. विचारलं तर म्हणते, फोटोवाल्या ताईनं उभी केलेली बाई अजून गेली न्हाई. तिला म्हणा, घेऊन जा.

तो गेल्यावर मी दुकानातला मोठा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. उगीच नाही. काच पुसायची होती.

२ मार्च

सखुआत्या आली. गुडघे धरत, बाजारातून चालत. फोटो सरळ केला, बघितला आणि मटकन खाली बसली. मग मला जे बोलली ते सगळं लिहीत नाही. येडी भवानी त्यातल्या त्यात बरं.

सांगितलं ते असं. तिच्या आजीच्या काळात गावात एक मिराबाई होती. विधवा, भावाच्या दारी पडलेली. कोणाच्याही पोरीची पाठवणी असली की सगळ्या बाया आपापल्या कामाला लागायच्या आणि म्हणायच्या, कोणीतरी जा पोरीसंगं. ती कोणीतरी म्हणजे मिराबाई. नाव कोणी घ्यायचं नाही. एका पोरीसोबत अशीच गेली आणि तिला माघारी आणायला मुराळीच गेला नाही. भाऊ म्हणाला, जाईल कोणीतरी. कोणीच गेलं नाही. सासरच्यांना ती नको झाली. शेवटी बाई पायी निघाली, गावाच्या शिवेपर्यंत आली. पण मुराळ्यावाचून आलेली पाठराखीण म्हणजे अपशकुन, भावानं आत घेतलं नाही. पावसात शिवेवर बसून राहिली. तिथंच गेली. तिच्यासाठी कोणी रडलं नाही.

तेव्हापासून नावं घेतात. आणि तू, आत्या म्हणाली, भर पाठवणीत कोणीबी या म्हणून हाळी दिलीस. पोरीला दोनदा घराबाहेर काढलंस, दुसऱ्यांदा पाठराखणीबिगर. मिराबाईला वाटलं, आपल्यालाच बोलावलं. आता ती आमच्या लेकराच्या डोळ्यांनी आपलं रडून राहिली. तिचं इतक्या सालांचं आहे. पोरगी कितीशी पुरंल?

मी काय करू, विचारलं. म्हणाली, जिनं बोलावलं तिनं न्यावं. नाव घेऊन. मुराळी होऊन.

कुठं नेऊ, तिचं माहेर कुठं आहे आता? आत्या गुडघ्यावर हात देऊन उठली. म्हणाली, तू नेशील ते तिचं माहेर.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण त्या पोरीचं हसणं मी ऐकलं आहे.

४ मार्च

पुसेगावला जाऊन आले. भर दुपारी, जीपनं.

सृष्टी चुलीपुढं भाकरी करत होती. मला बघून हसली. तेच हसणं, आणि गालांवरून दोन धारा, हनुवटीवरून टपटप पिठात. म्हणाली, ताई, आपला फोटो लई गाजला म्हणं, तुमी पैज जिंकली. भाकरी थापायला तिला वेगळं पाणी घ्यावं लागत नव्हतं. गाल लाल झालेले, हातांच्या काड्या. मला शिसारी आली आणि मग स्वतःचीच लाज वाटली. हरीश दारात उभा होता, त्याची आई तोंड फिरवून गहू निवडत होती.

तिच्या मागं कोणी नव्हतं. भिंत होती नुसती.

मी कॅमेरा डोळ्याला लावला.

होती. पाठीला चिकटून बसलेली, गाल खांद्यावर. आज पदर बाजूला होता. म्हातारा सुकलेला चेहरा. मला भीती वाटली ती तिच्या डोळ्यांची. कोरडे ठणठणीत, एक थेंब नाही. ती सृष्टीकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

आत्यानं पढवलेलं म्हणाले. मिराबाई, मी अनुश्री. तुमाला न्यायला आले. चला घरी. हरीशच्या आईच्या हातातलं सूप खाली पडलं.

सृष्टीची धार थांबली. नळ बंद करावा तशी. तिनं पिठाच्या हातानं गाल चाचपले, परत चाचपले, मग हरीशकडं बघून एवढंच म्हणाली, थांबलं. तो तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. ती मात्र हसत होती. त्यांचा फोटो काढायचं मला सुचलं नाही. पहिल्यांदाच.

परतीच्या जीपमध्ये गर्दी होती. कोणीतरी म्हणालं, सरका गं, म्हातारीला बसू द्या. बायका सरकल्या. माझ्या शेजारी जागा झाली. दंडाला ओला पदर लागला.

५ मार्च

हरीशचा फोन आला. सृष्टी रात्रभर झोपली, उशी कोरडी. सासू स्वतः तिला शिरा करून घालतेय. बरं झालं, देवा. काय वाटेल ते होवो, ते लेकरू सुटलं.

मी दार लावून बसले आहे. रणजीतभाऊंच्या घरून ताट आलं. त्यात दोन वाट्या, चार पोळ्या. मी विचारलं, इतकं काहून? तर वहिनी म्हणाल्या, तुमच्याकडं पाहुण्या आल्यात ना?

७ मार्च

डावा डोळा. सकाळपासून. धूर असेल, हळदीच्या कढया जवळच आहेत. खिडकी लावली.

दुपारी उजवाही.

आज एका साखरपुड्याला गेले होते. लेन्समधून काही दिसेना, सगळं पाण्याखाली. रणजीतभाऊंनी कॅमेरा हातातून काढून घेतला. ते म्हणाले, मॅडम, तुमी आणि रडून राहिल्या? मी म्हटलं, मी नाही रडत. खरंच नाही रडत.

८ मार्च

हिंगोलीला जायला निघाले. डॉक्टर नको, काही नको, घरी जायचं. जीपमध्ये बसले, बॅग मांडीवर. आणि मग मी जिन्यावर होते. या जिन्यावर. मधलं काही आठवत नाही. परत गेले. परत जिन्यावर.

रणजीतभाऊ म्हणाले, मी सोडतो गाडीवर. मागं बसले. गाव संपलं तिथं, शिवेवर, माझे पाय आपोआप खाली उतरले आणि माघारी चालायला लागले. ते हाका मारत होते. अनुश्री, अनुश्री. नाव घेऊन. तरी—

आत्याला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मुराळ्याबिगर ती उठत न्हाई. ती तुझ्यापाशी बसली, आता तूबी उठायची न्हाईस. तुझ्या घरचं माणूस येऊ दे. नावानिशी. दुसऱ्याचं काम न्हाई ते.

पुष्कर. पुष्कर आहे ना मला. त्याचं तर ठरलेलंच आहे.

१० मार्च

पान ओलं होतंय. शाई पसरते. पेन्सिलनं लिहितेय.

पुष्करला सांगितलं, बरं नाही, धुळवडीची वाट बघू नको, आत्ताच ये. तो म्हणाला, मोंढ्यात हळदीची इतकी आवक आहे की मालक पाणी प्यायला सोडेना, बारा तारखेला दुपारी नक्की येतो. तूच ये, म्हटलं. मोठ्यानं म्हण. मी पुष्कर येतो. हसला तो. पण म्हणाला.

ओठ फुटलेत. ती शेजारी बसते. कॅमेऱ्याशिवायही दिसते आता. तिचे डोळे ओले झालेत थोडे. म्हणजे माझे—

आईची फार आठवण येते. मला आईसाठी रडायचंय. इतकं पाणी जातंय आणि त्यात आईसाठी एक थेंब नाही. हे सगळं तिचं आहे. माझं आत तसंच आहे. त्या दिवशी चहा कशाला करत बसले मी.

११ मार्च

ताट आणून ठेवतात आणि पळतात.

पाणी पितेय. पुरत नाही. उद्या दुपारी. पुष्कर. पुष्कर. पुष्कर.

१२ मार्च

अकराला फोन आला त्याचा. मागं पोती पडल्याचे आवाज, हमालांचा गलका. म्हणाला, ताई, चिडू नको, आज सुटताच येईना, पण तू तयार राहा, मी कोणालातरी पाठवून दिलंय न्यायला.

कोणाला?

कोणीतरी येईल, म्हणाला. मोंढ्यात ओरडून सांगितलं, गोरेगावकडं कोण चाललंय, कोणीबी जा आणि माझ्या बहिणीला—

मी ओरडले. नाव सांग. कोण ते नाव सांग. त्याला ऐकू येईना. मग फोन लागेना.

दुपार

बाजार गप्प आहे. रणजीतभाऊ लग्नाला गेलेत. मोटारसायकल आली नाही, जीप आली नाही. कसलाच आवाज आला नाही.

भिंत हादरली. पहिली पायरी.

ती उठून उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पदर सारखा केला तिनं. खूश आहे. तिला वाटतंय, आपल्याला न्यायला—

परत हादरली. हळू चढतंय.

कोण आहे, मी विचारलं.

पुष्करनं पाठवलंय, म्हणालं.

कडीला हात लावू नका. आधी नाव सांगा, म्हटलं. तुमचं नाव—